डावीकडून तिसरी खिडकी

गेल्या वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी पावणेबाराच्या सुमारास, माझ्या वडिलांनी एका चित्रातली दुसऱ्या मजल्यावरची, डावीकडून तिसरी खिडकी हिरव्या रंगाने झाकून टाकली. त्या वेळी गॅलरीत त्यांच्यासह पाच माणसं होती. त्यांतली एक मी. असं का केलं, असं आईने विचारल्यावर ते म्हणाले, "तिथे झाड आहे."

तिथे झाड नव्हतं.

चित्र दोन फूट बाय तीन फूट, कॅनव्हासवर, ॲक्रिलिक रंगातलं. विषय फोर्टमधली एक दगडी इमारत. इमारत जुन्या वास्तूंच्या यादीत आहे. तिचं नाव लिहीत नाही. त्या रस्त्यावर ज्याने नोकरी केली त्याला नाव न सांगताही ओळखू येईल. तीन मजले, मधोमध घड्याळाचा मनोरा, दर्शनी बाजूला प्रत्येक मजल्यावर नऊ कमानदार खिडक्या. इमारतीच्या उजव्या टोकाला फुटपाथवर एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. उजव्या टोकाला, हे लक्षात ठेवावं.

बाबा या इमारतीत चौतीस वर्षं नोकरीला होते. दुसऱ्या मजल्यावरच्या सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. पंचाहत्तरी जवळ आल्यावर त्यांनी दादरला ज्येष्ठ नागरिकांच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. वर्ग दर शनिवारी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मार्चमध्ये विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं, विषय 'शहरातल्या जुन्या वास्तू', प्रत्येकाने एक चित्र द्यायचं. वर्गातल्या बहुतेकांनी देवळं निवडली. बाबांनी ऑफिस निवडलं. समोरच्या फुटपाथवर घडीचं स्टूल टाकून त्यांनी चार रविवार पेन्सिलीने आराखडा केला. रंगवायचं काम घरी, म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत. खोलीत स्टँड उभा राहत नाही, आणि उजेड गॅलरीतच येतो.

गॅलरी सामायिक आहे. मजल्यावरचे संडास तिच्या टोकाला आहेत. त्यामुळे पहिल्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस दिवसातून निदान दोनदा त्या चित्रासमोरून जात असे, आणि जाताना नाही तर येताना थांबून मत देत असे.

इथे थोडी मागची माहिती देणं भाग आहे. आईला दाखवायला नेलं तेव्हा मध्यस्थी करणाऱ्या बाबांच्या मामांनी आईच्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलाची नोकरी पक्की आहे. खिडकीजवळची जागा आहे." आईच्या वडिलांची स्वतःची सगळी नोकरी तळघरातल्या एका गोदामात गेली होती. त्यांनी बाकी फार काही विचारलं नाही. बाबा तिथेच बसले होते. त्यांनी मामांचं बोलणं दुरुस्त केलं नाही, आणि पुढे निवृत्तीनंतरही ते तसंच राहिलं.

मी नऊ वर्षांची असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, आई आजीबरोबर हॉस्पिटलात असल्यामुळे बाबा मला एक दिवस ऑफिसला घेऊन गेले. त्यांचं टेबल एका दगडी खांबाच्या मागे होतं. समोर फायलींचं लोखंडी कपाट, डोक्यावर ट्यूबलाइट. बाहेर दिवस आहे की पाऊस हे बघायला उठून अकरा पावलं चालावं लागत होतं; मी मोजली होती. परत येताना बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिला उगीच वाईट वाटेल." मी सांगितलं नाही. बाबांना चित्र काढताना भीती एवढीच होती की हे आता, या वयात, आईला कळेल. तरी त्यांनी विषय म्हणून तीच इमारत का घेतली, याचं उत्तर त्यांनी मला आजवर दिलेलं नाही.

आता त्या रविवारची हकिगत. सकाळी साडेअकराच्या सुमारास शेजारच्या काकू कोथिंबीर निवडत चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान बाबांच्याच ऑफिसात होते. त्या काळी वाडीतल्या एकाने नोकरीचा फॉर्म आणला की चौघे भरत, त्यामुळे आमच्या चाळीत त्या ऑफिसातून निवृत्त झालेली चार माणसं आहेत.

"आमच्या ह्यांची खिडकी छान आलीय हं," काकू म्हणाल्या.

"कुठली?" आईने आतून विचारलं.

"ही काय. दुसरा मजला, डावीकडून तिसरी."

आई हात पुसत बाहेर आली. "तिसरी ह्यांची."

"वहिनी, तुमच्या ह्यांची चौथी असेल."

"चौथी कशी असेल? मी बसमधून हात केलाय. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरून. बरोब्बर समोर हे उभे."

"मग मी काय टांग्यातून केला? मी पण डबल डेकरमधूनच केलाय."

एवढ्यात जिन्याजवळच्या खोलीतल्या मावशी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या. मावशी कोकणातल्या, आवाज मोठा. त्यांचे यजमानही त्याच ऑफिसातले. ते आवाज ऐकून बाहेर येऊन उभे होते.

"कसली खिडकी गो?" मावशींनी विचारलं. त्यांना दाखवण्यात आली. "ही? मग भांडताय कशाला? ही आमच्यांची. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पांढरा शर्ट, आणि असा हात."

"सगळ्यांचेच शर्ट पांढरे होते," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"मी नवऱ्याला शर्टावरनं ओळखत नाय."

शेजारचे काका गॅलरीत खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी केली आणि पेपर आला का बघून येतो असं सांगून ते खाली गेले. पेपर त्यांच्या हातात होता. मावशींच्या यजमानांनी मावशींच्या हातातली बादली घेतली आणि ते कपडे वाळत घालायला निघाले. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं, असं मावशींनी नंतर सांगितलं.

"अहो, तुम्हीच सांगा," आई बाबांना म्हणाली. "तिसरी कोणाची?"

बाबा त्या वेळी उजव्या कोपऱ्यातल्या पर्जन्यवृक्षाची पानं रंगवत होते. ब्रशला हिरवा रंग होता. त्यांनी तो ब्रश उचलून डावीकडे नेला.

संध्याकाळी पाच वाजता तिघे माजी कर्मचारी तळमजल्यावर दादांच्या दारात जमले. दादा हे चौथे. वय एक्याऐंशी, अविवाहित. वाडीत लहानमोठे सगळे त्यांना दादाच म्हणतात. ते पाटावर बसून मटार सोलत होते. बाबांनी मलाही खाली बोलावलं, आणि दोघांना सांगितलं, "हिला माहीत आहे. ही लहानपणी येऊन गेलीय." त्यावर शेजारच्या काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू एवढी वर्षं पोलिसांचा माणूस घरात वावरत होता.

"झाकलीस कशाला?" काका बाबांना म्हणाले. "मला चौथीत ढकलायचंस."

"चौथीत साहेब होता."

"मग पाचवीत."

"पाचवी कधी उघडली होती? तुझ्या बायकोने हात काय काचेतून बघितला?"

"हो ना," मावशींचे यजमान म्हणाले. "आमची तर सांगते, हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत."

"दादा, तुम्ही काहीतरी बोला," बाबा म्हणाले.

"मी मटार सोलतोय," दादा म्हणाले.

तिसरी खिडकी कोणाची होती, हे मला त्या संध्याकाळी समजलं. पुढची माहिती दादांची. तिघांनी तिला दुजोरा दिला. तिसऱ्या खिडकीजवळचं टेबल दादांचं होतं. इतर तिघांची टेबलं खांबांच्या मागे, ओळीने. दादांच्या घरी दाखवायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांना खिडकीचा तसा उपयोग नव्हता. ज्याची बायको त्या दिवशी बसने फोर्टवरून जाणार असेल तो सकाळी दादांना सांगे, "आज दोन वाजता खिडकी." दादा टेबलावरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली दोनचा आकडा घालत. दोनला पाच कमी असताना ते उठत, पाणी प्यायला जात आणि सव्वादोनला परत येत. मधल्या वेळात नवरा खिडकीत उभा राहून हात करी. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरून ऑफिसचा दुसरा मजला थोडाच वर राही, त्यामुळे दोन्ही बाजूंना चेहरा नीट दिसे. गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत दादांचं पाणी पिणं दुपारभर चाले.

दोघी एकाच बसने निघाल्या तर काय, असं मी विचारलं.

"मग दोघांनी घरी सांगायचं, साहेबांनी आत बोलावलं होतं," बाबा म्हणाले. "नियम होता तसा."

बैठकीत एकमताने ठरलं की आपण त्या जागेवर आळीपाळीने बसत होतो, असं सांगायचं. दादांनी मत दिलं नाही. सात वाजता शेजारच्या काकांनी गॅलरीत तसं जाहीर केलं. सात वाजून दहा मिनिटांनी ते रद्द झालं. आईने सांगितलं की माझ्या थोरल्या भावाच्या वेळी, श्रावणात, ती दर पंधरवड्याला त्या बाजूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायची, तेव्हा बाबा खिडकीत होते. मावशी म्हणाल्या, त्याच श्रावणात त्यांच्या सासूबाई हॉस्पिटलात होत्या आणि त्या रोज डबा घेऊन जायच्या, तेव्हा त्यांचे यजमान खिडकीत होते. काकूंनी दोघींना मध्येच थांबवून त्याच श्रावणातली आपल्या नणंदेच्या साडीची खरेदी सांगितली. तिघींच्या तारखा एकाच आठवड्यात आल्या.

"आळीपाळीने म्हणजे काय, दर तासाला?" काकूंनी विचारलं.

काकांनी पेपर उघडला.

इकडे चित्रात वेगळीच अडचण उभी राहिली होती. पानांचा झुबका तिसऱ्या खिडकीवर होता आणि झाड उजव्या टोकाला. मधल्या सहा खिडक्या मोकळ्या. झुबका हवेत लोंबत होता. तो तिथे कसा आला हे दाखवायला फांदी हवी होती. पुढच्या रविवारी बाबांनी ती काढली. उजवीकडून निघून ती दुसरा मजला आडवा ओलांडत तिसऱ्या खिडकीपर्यंत गेली. एवढी लांब फांदी बिनपानांची बरी दिसेना, म्हणून त्यांनी तिला पानं घातली. पानं आल्यावर चौथीपासून नववीपर्यंतच्या खिडक्या गेल्या. एका बाजूला इतकं वजन आल्यावर खोड अगदीच सडपातळ वाटायला लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी खोड जाड झालं आणि त्यात तळमजल्याचं दार गेलं.

मॅडमना दर रविवारी मोबाइलवर चित्राचा फोटो पाठवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या रविवारी त्यांचं उत्तर आलं, "काका, झाड छान." दुसऱ्या रविवारी, "काका, झाड छान. पण ते इमारतीच्या अंगावर का येतंय?" तिसऱ्या रविवारी नुसतं, "काका, इमारत?"

बाबांनी मला लिहायला सांगितलं की पावसात पर्जन्यवृक्षाच्या फांद्या वजनाने खाली येतात. मी लिहिलं. मॅडमनी विचारलं, चित्रात पाऊस आहे का? बाबांनी चित्राकडे बघितलं. आकाश निळं होतं, घड्याळावर ऊन पडलं होतं.

दरम्यान शेजारचे काका दररोज येऊन चित्र तपासत. फांदी थोडी जरी विरळ वाटली तरी ते म्हणत, "इथून दिसतंय बघ अजून." मावशींचे यजमान एकदा स्वतः ब्रश उचलायला निघाले होते. बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी सकाळी तिघी बायका प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवून निघाल्या. मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणून मला बरोबर घेतलं. "तू पेपरवाली," मावशी म्हणाल्या, "तू लिहून घे. उद्या कोणी शब्द फिरवायला नको." आम्ही बसने गेलो. बस साधी, एकमजली होती. मावशींनी कंडक्टरला विचारलं, वर जायला कुठून? वर नाही असं कळल्यावर त्या खिडकीशी बसल्या आणि फोर्ट येईपर्यंत छताकडे बघत राहिल्या.

समोरच्या फुटपाथवर उभं राहून केलेली नोंद अशी: दुसऱ्या मजल्यावर नऊ खिडक्या. तिसरी बंद, तिच्यावर कबुतरांची जाळी. झाड उजव्या टोकाला. आईने रस्ता ओलांडला आणि झाडाच्या बुंध्यापासून तिसऱ्या खिडकीच्या खालपर्यंत पावलं मोजली. एकसष्ट भरली. झाडाची सर्वांत लांब फांदी आठव्या खिडकीच्या अलीकडे संपत होती.

"म्हणजे तिघे पण खोटं बोलले गो," मावशी म्हणाल्या.

आई परत येऊन आमच्याजवळ उभी राहिली. म्हणाली, "मी एकदा न सांगता गेले होते."

"कुठे?"

"इथूनच. बसने. सकाळी सांगायचं राहिलं. सवयीने वर बघून हात केला. खिडकीत माणूस होता, त्याने पण केला. टक्कल होतं."

बाबांच्या डोक्यावर आजही भरपूर केस आहेत. दादांना मी पाहिलं तेव्हापासून टक्कलच आहे.

शेजारच्या काकूंनी तिसरी खिडकी पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, "मी दोनदा. पहिल्या वेळी वाटलं, दादा काही कामासाठी ह्यांच्या टेबलाशी आले असतील."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी डबा खात होते. आरामात. तोंडात घास आणि मला हात."

"आणि दोघी भांडलात कशाला मग त्या दिवशी?" मी विचारलं.

"चाळीसमोर काय सांगायचं, ह्यांची जागा खांबामागे होती म्हणून?" काकू म्हणाल्या. आईने मान हलवली.

मावशींना मात्र खरोखरच काही माहीत नव्हतं. "मी कधी न सांगता गेलेच नाय," त्या म्हणाल्या. "मी रीतसर सांगून जायची. माझं हे असं झालं." नंतरचे चार दिवस त्या यजमानांशी बोलल्या नाहीत. काही सांगायचं असल्यास त्या गॅलरीत येऊन आमच्या आईला सांगत आणि यजमान आतून ऐकत. पाचव्या दिवशी गॅस संपला, तेव्हा नाइलाजाने बोलणं झालं.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. बाबा स्टँडसमोर हिरवा रंग कालवत होते. घड्याळाचा मनोरा आणि पहिल्या मजल्याचा एक कोपरा सोडून इमारत शिल्लक नव्हती.

"ती तिसरी उघडा," आई म्हणाली.

"काय?"

"खिडकी. पानं काढा तिथली. आणि तिच्यात दादांना बसवा."

बाबांनी ब्रश पाण्याच्या मगमध्ये ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"मी काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

"तिने नाही सांगितलं," आई म्हणाली. "गौरींच्या आदल्या दिवशी. हिचा कान ठणकत होता, घाईघाईत हिला डॉक्टरकडे घेऊन निघाले. दादा होते खिडकीत."

त्या वेळी मी दोन वर्षांची होते. त्या बसमध्ये मी होते. मला आठवत नाही. नवव्या वर्षी मी जे गुपित ठेवायचं कबूल केलं, ते फुटून तेव्हा सात वर्षं झाली होती, आणि ज्या व्यक्तीपासून ते ठेवायचं होतं तिला ते माझ्यापेक्षा आधी माहीत होतं.

बाबा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पण त्यानंतरही तू हात करायचीस. कितीतरी वेळा. सांगून जायचीस."

"तुम्ही उठून यायचात ना," आई म्हणाली. "मग? चहा टाकू?"

चहा झाला. कप खाली ठेवून बाबांनी दगडाचा रंग कालवायला घेतला: पिवळा, पांढरा आणि अगदी थोडा तपकिरी. खिडकी पुन्हा काढायला दोन रविवार लागले, कारण हिरव्यावर पिवळा तीन वेळा द्यावा लागला. कमान जमली. चौकट जमली. आत टेबल आलं, टेबलामागे पांढऱ्या शर्टातला एक माणूस, हात वर केलेला. माणूस अंगठ्याच्या नखाएवढा आहे. टक्कल एका ठिपक्यात दाखवलं आहे.

बातमी मजल्यावर गेल्यावर शेजारच्या काकांनी येऊन मागणी केली की उघडतोच आहेस तर चौथीही उघड आणि मला तिथे काढ.

"चौथीत साहेब होता," बाबा म्हणाले.

मार्चच्या पहिल्या रविवारी दादांना वर बोलावलं. ते जिना एक-एक पायरी करत चढून आले. आईने खुर्ची पुढे केली, पण ते उभेच राहिले. चष्मा कपाळावर सरकवून चित्राच्या अगदी जवळ गेले.

"हा कोण?"

"तुम्ही," बाबा म्हणाले.

"हात का केलाय मी?"

"तुम्ही करायचात ना, दादा," आई म्हणाली. "मी बघितलंय. ह्यांनी पण बघितलंय." हे काकूंकडे बोट दाखवून.

दादांना ते खोडून काढायचं असावं, पण समोर साक्षीदार दोन होते. "खालून ओळखीची माणसं हात करतात," ते म्हणाले. "मग काय नुसता बघत बसू? आमच्याच चाळीतल्या तुम्ही सगळ्या. मला वाटायचं, तुम्हाला माहीतच आहे."

मावशी म्हणाल्या, "मला नव्हतं माहीत."

दादा अजून चित्र बघत होते. "तांब्या कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसला तांब्या?"

"टेबलावर तांब्या होता माझा. डाव्या हाताला. पितळी. तो नसताना मी कधी बसलो नाही."

"मग पाणी प्यायला बाहेर का जायचात?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

दादांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आईने पुढे केलेल्या खुर्चीत ते बसले. बाबांनी सर्वांत बारीक ब्रशने टेबलाच्या डाव्या बाजूला एक पिवळा ठिपका दिला.

प्रदर्शन दादरला एका सभागृहात शुक्रवार ते रविवार असं तीन दिवस होतं. चित्राखालच्या कार्डावर मॅडमनी स्वतः शीर्षक लिहिलं: 'झाडामागची इमारत'. बाबांनी वाचलं आणि मान्य केलं. शनिवारी वाडीतली पंधराएक माणसं गेली. मावशी चित्राशेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या, "ही खिडकी आमच्या ऑफिसची." यजमान त्यांच्या मागे, दोन पावलं अंतरावर. एका गृहस्थांनी विचारलं, एवढ्या मोठ्या इमारतीला खिडकी एकच कशी? बाबा म्हणाले, बाकीच्या झाडाआड आहेत. गृहस्थ म्हणाले, झाड पाडायला परवानगी मिळत नाही हल्ली. अभिप्रायाच्या वहीत बाबांच्या चित्राबद्दल दोन नोंदी झाल्या. एक, "झाड जिवंत वाटते." दुसरी, "इमारत कुठली ते कळले नाही. झाड उत्तम."

चित्र आमच्या खोलीत, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर लावायचं ठरलं होतं. खिळा ठोकूनही झाला होता. सोमवारी संध्याकाळी आईने चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं, स्वतः उचललं आणि तळमजल्यावर दादांच्या खोलीत नेलं. बाबा हातोडी घेऊन मागून गेले. दादांच्या कॉटसमोरच्या भिंतीवर त्यांनी ते लावलं. दादांनी उभं राहून सांगितलं, थोडं डावीकडे. मग सांगितलं, एवढं नको, थोडं उजवीकडे.

मागच्या रविवारी मी परळच्या माझ्या घरून आले तेव्हा चित्र तिथेच होतं. आमच्या भिंतीवरचा खिळाही अजून आहे. त्यावर आता बाबांची छत्री असते. दादांची खोली चाळीच्या मागच्या अंगाला आहे. तिला खिडकी एकच. ती उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या वाडीची भिंत आहे.